एका डोक्यात एकच मंत्र!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधली सगळ्यात भारी जादू पुस्तकात छापलेली नसते. दोन साधे मंत्र, एखादी वस्तू आणि टेबलावरचं भांडण यांतून ती तयार होते. आणि हा खेळ यवतमाळात खेळायला खिशातून जवळजवळ काहीच जात नाही.

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पहिला एपिसोड आठवतोय? तळघरात चार पोरं टेबलाभोवती बसलीयेत. समोर डेमोगॉर्गन उभा. पाळी विलची. एक मित्र ओरडतो, फायरबॉल टाक. दुसरा ओरडतो, आधी संरक्षणाचा मंत्र घे. विल फायरबॉल निवडतो, फासा घरंगळत टेबलाखाली जातो आणि दान पडतं सातचं. हवे होते किमान तेरा. पुढे विलचं काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको.

तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने डीअँडडी. आपल्यापैकी बऱ्याच जणांची त्याच्याशी ओळख त्या सीनमुळेच झाली. पण त्या सीनमध्ये अर्धीच गंमत दिसते. तिथे प्रश्न एवढाच होता, हल्ला की बचाव? खरा खेळ रंगतो तो कुणीतरी मध्येच "थांब थांब, माझ्याकडे दोरी आहे" असं म्हणतं तेव्हा.

हो, दोरी. साधी दोरी.

उत्तरसूची नसलेला पेपर

ज्यांनी हा खेळ कधीच पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो बाजारात आणला. पहिल्या खेपेला छापले फक्त एक हजार संच. चार-पाच जणांनी बसायचं. त्यातला एक 'डंजन मास्टर', म्हणजे आपल्या नाटकातला सूत्रधार. तो गोष्ट सांगतो. समोर दरी आहे, पूल तुटलाय, पलीकडे एक दिवा हलतोय. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी पुजारी, कुणी जादूगार. मग सूत्रधार विचारतो, "तुम्ही काय करता?"

यापुढे अ, ब, क, ड असे पर्याय येत नाहीत. तुम्ही म्हणाल ते. जमेल की नाही याची शंका असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. ओएमआर शीटवर गोळे काळे करत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हा प्रश्न पहिल्यांदा ऐकून घाम फुटतो. बरोबर उत्तर कोणतं? कुणालाच माहीत नाही. सूत्रधारालाही नाही.

मंत्र मात्र अगदी मोजूनमापून दिलेले असतात. प्रत्येकाचा पल्ला ठरलेला, वेळ ठरलेली, वजन ठरलेलं. 'मेज हँड' मंत्राने हवेत तरंगणारा एक हात तयार होतो, पण तो उचलणार जेमतेम साडेचार किलो. 'ग्रीस' मंत्राने जमीन निसरडी होते, पण ते ग्रीस पेटतं असं पाचव्या आवृत्तीच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. 'वेब' मंत्राचं जाळं मात्र पेटतं, तसं स्पष्ट लिहिलंय. हे सगळं वाचून आधी हिरमोड होतो. एवढीशी जादू? पण गंमत या एवढ्याशा जागेतच आहे.

'डार्कनेस' घ्या. या मंत्राने पंधरा फुटांच्या परिघात दाट काळोख पसरतो, जास्तीत जास्त दहा मिनिटं. नियम सांगतो की हा मंत्र एखाद्या वस्तूवरही टाकता येतो आणि ती वस्तू पूर्ण झाकली की काळोख थांबतो. बस्स, एवढंच वाक्य. आता एका गोट्यावर मंत्र टाका आणि गोटा स्टीलच्या डब्यात ठेवा. झाकण उघडलं, अंधार. झाकण लावलं, उजेड. आईने दिलेल्या टिफिनने तुमच्या हातात अंधाराचं बटण दिलं! मंत्र तोच, पुस्तक तेच. डब्याची आयडिया तेवढी तुमची.

ही ट्रिक तर आपली जुनीच

जादूला मर्यादा घातली की गोष्ट जन्माला येते, हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक आहे. महाभारतातलं अक्षयपात्र आठवा. वनवासात सूर्याने दिलेलं, कितीही माणसं येवोत, अन्न संपणार नाही. पण अट एक. द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरतं पात्र रिकामं. आणि दुर्वास ऋषी शिष्यांचा लवाजमा घेऊन नेमके कधी येतात? तिचं जेवण झाल्यावर! ही अट नसती तर ती गोष्ट आज कुणी सांगितलीच नसती.

वस्तूंच्या जोडणीचा बाप मात्र 'कथासरित्सागर'मध्ये भेटतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेला हा ग्रंथ. त्याचं मूळ 'बृहत्कथा'. ती रचणारा गुणाढ्य सातवाहन राजाच्या पदरी प्रतिष्ठानला होता अशी परंपरा आहे, आणि प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. म्हणजे हे घरचंच प्रकरण.

तर त्यात पुत्रक नावाचा एक पोरगा आहे. विंध्याच्या रानात त्याला मयासुराची दोन पोरं कुस्ती खेळताना दिसतात. भांडण तीन वस्तूंवरून. घातल्या की उडता येईल अशा पादुका, मनात येईल ते अन्न देणारं भांडं आणि जे रेखाटाल ते खरं करणारी काठी. पुत्रक हसतो. कुस्ती काय खेळता, शर्यत लावा, जो पुढे जाईल त्याच्या वस्तू! दोघं पळत सुटतात आणि हा पादुका घालून बाकीच्या दोन्ही वस्तूंसकट आकाशात. पुढे पादुकांच्या जोरावर तो राजकन्या पाटलीच्या महालात पोचतो. भानगड उघडी पडल्यावर तिला घेऊन गंगेकाठी उतरतो, भांड्यातून जेवण काढतो आणि काठीने चक्क एक नगर रेखाटतो. तेच पाटलिपुत्र. 'शाका लाका बूम बूम'ची पेन्सिल आठवली ना?

बघा, तिन्ही वस्तू त्या दोन भावांकडे आधीपासून होत्या. पण एकाची दुसरीला जोड द्यायचं त्यांना सुचलंच नाही. ते मालकीसाठी भांडत राहिले.

मित्र का लागतो?

पुत्रक एकट्याने सगळं निभावून नेतो. डीअँडडीत मात्र तसं जमत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलंय. बरेचसे दमदार मंत्र चालू ठेवायला 'कॉन्सन्ट्रेशन' लागतं. एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो. दुसरा सुरू केला की पहिला गळून पडतो. वरून कुणी बाण मारला, तर फासा टाकून बघावं लागतं, लक्ष टिकलं की तुटलं.

म्हणजे तुम्ही कितीही मोठे जादूगार असा, एका डोक्यात एकच मंत्र. असे दोन मंत्र जोडायचे तर दुसरं डोकं लागणार. या खेळातल्या गाजलेल्या बऱ्याच युक्त्यांचं मूळ या एका नियमात आहे. कसं ते एक डाव मांडूनच बघू. सूत्रधार मी.

जिनिंगमधला पेटारा

दिवाळी होऊन गेलीय. गावाबाहेर एक जुनी जिनिंग, आत छतापर्यंत कापसाची गंजी. गंजीच्या पायथ्याशी लोखंडी पेटारा आणि त्यात गावाचं चोरीला गेलेलं बियाणं. वजन चार क्विंटल. बाजूच्या खोलीत दोन राक्षस झोपलेत, मधे एकच दार. बाहेर तुमची बैलबंडी उभी आहे. तुम्ही चौघं. जादूगाराकडे दोन मंत्र, 'फायरबॉल' आणि 'रिड्यूस'. पुजाऱ्याकडे 'सायलेन्स'. चोराकडे 'बॅग ऑफ होल्डिंग' आणि लढवय्याकडे 'इमूव्हेबल रॉड'. तुम्ही काय करता?

पहिला आवाज ठरलेला. "फायरबॉल टाक ना!" पण तुम्ही यवतमाळचे आहात, म्हणून दुसरा आवाजही ठरलेला. "अबे, कापूस हाय तो!" गंजीला ठिणगी लागली की काय होतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. नियमातही तेच आहे, फायरबॉलने आसपासच्या पेटणाऱ्या वस्तू पेटतात. राक्षस मरतील, पण बियाणंही भाजून निघेल. फायरबॉल बाद.

मग पेटारा ओढायचा? लोखंड फरशीवर घासलं की राक्षस जागे. इथे पुजारी पुढे येतो. 'सायलेन्स' मंत्र वीस फुटांच्या परिघात सगळा आवाज गिळतो, दहा मिनिटं. आत कितीही आदळआपट करा, टाचणी पडल्याचाही आवाज नाही. पण चार क्विंटल उचलणार कोण?

जादूगाराचा 'रिड्यूस'. वस्तूची लांबी, रुंदी, उंची निम्मी होते आणि वजन आठव्या हिश्शावर येतं. शाळेतलं घनफळाचं गणित, दोनाचा घन आठ. चारशे किलो झाले पन्नास. पण मुदत एकच मिनिट. आणि दुसरी मेख अशी की हा मंत्र तोंडाने म्हणावा लागतो, तर सायलेन्सच्या आत तोंडातून आवाजच निघत नाही. पुजाऱ्याच्या मंत्राने आपलाच जादूगार मुका केला!

आता सगळे नियम पुन्हा वाचायला घेतात. सायलेन्सचा परीघ वीस फूट. रिड्यूसचा पल्ला तीस फूट. पेटाऱ्यापासून वीस फुटांच्या पुढे आणि तीस फुटांच्या आत उभं राहिलं तर? मंत्र म्हणताही येतो आणि पेटाऱ्यापर्यंत पोचतोही. जादूगार मागच्या खिडकीबाहेर, पंचवीस फुटांवर. त्या दहा फुटांच्या पट्ट्यात सगळा डाव आहे.

तेवढ्यात चोराला सुचतं. लहान झालेला पेटारा झोळीत टाकू! बॅग ऑफ होल्डिंग म्हणजे बाहेरून साधी पिशवी आणि आत सव्वादोनशे किलोची जागा. पन्नास किलो सहज मावतील. टेबलावर टाळ्या. फक्त सूत्रधार गालात हसतोय. का? कारण मिनिटाने मंत्र संपेल, आतल्या आत पेटारा पुन्हा चारशे किलोचा होईल, झोळी फाटेल आणि बियाण्यासकट सगळं दुसऱ्याच लोकात विखुरलं जाईल. हेही नियमात लिहिलंय.

मग राहिला रॉड. दिसायला साधा लोखंडी दांडा, टोकाला बटण. बटण दाबलं की आहे तिथे, अगदी हवेतसुद्धा, घट्ट रुतून बसतो आणि साडेतीन हजार किलोंहून जास्त भार पेलतो. लढवय्या तो राक्षसांच्या दाराला आडवा लावतो. झाला अडसर!

आता मोजा. पुजारी शांतता धरून. जादूगार पेटारा धरून. चोर आणि लढवय्या पन्नास किलो उचलून बंडीकडे पळतायत. खेळातला एक फेरा सहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटात दहा फेरे. दहाव्या फेऱ्याच्या आत पेटारा बंडीत पडला पाहिजे, नाहीतर चार क्विंटल कुणाच्या तरी पायावर. यात एकही मंत्र मोठा नव्हता. फायरबॉल तर वापरलाच नाही. पण चौघांपैकी एक जण जरी कमी असता, तरी बियाणं आतच राहिलं असतं.

जोडणी अंगाशी येते तेव्हा

प्रत्येक युक्ती जमतेच असं नाही. पंचतंत्रातले ते चार मित्र आठवतात? रानात हाडं सापडतात. एक विद्वान ती जुळवतो, दुसरा त्यावर मांस-कातडं चढवतो, तिसरा प्राण फुंकायला बसतो. चौथ्याला विद्या नाही, पण अक्कल आहे. तो म्हणतो, हा सिंह आहे, जरा थांबा, मला आधी झाडावर चढू द्या. तीन मंत्रांची जोडणी अचूक जमली आणि तिघंही सिंहाच्या पोटात गेले. प्रत्येक टेबलावर असा एक झाडावर चढणारा हवाच.

डीअँडडीच्या नियमांतही असा सिंह लपलेला आहे. बॅग ऑफ होल्डिंगसारखीच आणखी एक वस्तू म्हणजे 'पोर्टेबल होल', घडी करून खिशात ठेवता येणारा खड्डा. एकात एक घालून डबल जागा करू, हा विचार जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात येतो. नियम लिहिणाऱ्यांना तो आधीच ठाऊक होता! पिशवी खड्ड्यात गेली की दोन्ही वस्तू नष्ट होतात, एक दार उघडतं आणि दहा फुटांच्या आतले सगळे दुसऱ्या लोकात खेचले जातात. परत यायची वाट नाही.

२०२३ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ज' हा सिनेमा पाहिला असेल तर तो चित्राचा सीन आठवेल. तिजोरीत जाणाऱ्या एका चित्रावर मंडळी जादूचं दार बसवतात. आयडिया झकास. पण चित्र तिजोरीत पालथं पडतं आणि दार उघडतं ते थेट फरशीत. सिनेमागृहात लोक हसतात. खेळणारे जरा जास्त हसतात, कारण त्यांच्यासोबत हे झालेलं असतं.

आणि जुगाड आणि चालूपणा यांत फरक कोण करणार? सूत्रधार. हजारो गावकऱ्यांची रांग लावून एक भाला हातोहात पुढे द्यायचा, तो सहा सेकंदांत मैलोन्‌मैल जातो, म्हणजे बंदुकीच्या गोळीहून वेगवान झाला, असा एक फेमस विनोद या खेळाच्या चाहत्यांमध्ये चालतो. नियमाच्या अक्षरात बसवलेला, पण गोष्टीत न बसणारा. चांगला सूत्रधार अशा वेळी हसून घेतो आणि म्हणतो, "शेवटच्या गावकऱ्याच्या हातून भाला खाली पडला. आता काय करता?"

'जादू' म्हटलं की...

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. आपल्या भागात 'जादू' हा शब्द निरागस नाही. भानामती, करणी, मूठ मारणं या नावांखाली माणसांना मारहाण झालीय, बायांना गावाबाहेर काढलं गेलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात त्यांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये आला. त्यामुळे पोरं खोलीत बसून 'मंत्र टाकतो' म्हणतायत हे ऐकून घरच्यांच्या कपाळावर आठी पडली, तर त्यांना हसू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेतही पालकांनी याच खेळावर सैतानपूजेचा आरोप केला होता.

त्यांना एकच करा, टेबलावर बसवा. भोंदूच्या जादूला पल्ला नसतो, वजन नसतं, मुदत नसते आणि प्रश्न विचारायची सोय तर मुळीच नसते. इथे उलट आहे. किती फूट? किती किलो? कितव्या फेऱ्यापर्यंत? नियमात कुठे लिहिलंय ते दाखव! ज्या पोराला हे चार प्रश्न विचारायची सवय लागली, त्याला अंगाऱ्याची पुडी विकून दाखवा बरं.

सुरुवात कशी कराल?

महागडी पुस्तकं घ्यायची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. पीडीएफ फुकट मिळते. इंग्रजीत आहे, पण श्रेय देऊन तिचं भाषांतर करायलाही परवानगी आहे. म्हणजे कुणी मनावर घेतलं, तर मराठीतली प्रत निघू शकते. नावं ठरवण्यातच एक संध्याकाळ जाईल. बॅग ऑफ होल्डिंगला 'अथांग झोळी', इमूव्हेबल रॉडला 'हट्टी सोटा' कसं वाटतं?

वीस बाजूंचा फासा ऑनलाइन मिळतो, मोबाइलवर त्याचं ॲपही आहे. तेही नको असेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका, काढली की परत टाका. कोरी वही, पेन्सिल आणि तीन-चार मित्र. पहिल्या डावात प्रत्येकाने दोनच मंत्र आणि एकच वस्तू घ्या. कमी असलं की डोकं जास्त चालतं. आणि बोला आपल्याच भाषेत. राक्षसाला वऱ्हाडीत शिव्या घालण्यासारखं सुख नाही.

पुढच्या वर्षी आपल्यातले अर्धे पुण्याला, नागपूरला, अमरावतीला निघून जातील. ग्रुपवर 'हॅपी बड्डे भावा' एवढंच उरेल. हा खेळ व्हिडिओ कॉलवरही चालतो, आणि त्याला एकमेकांची गरज लागते. एका डोक्यात एकच मंत्र, लक्षात आहे ना?

तर आता पाळी तुमची. शेतातली कोरडी विहीर, चाळीस फूट खोल. तळाशी मित्र, पाय मुरगळलेला. तुमच्याकडे वीस फुटांची दोरी, एक हट्टी सोटा आणि उंचावरून पडताना अलगद उतरवणारा 'फेदर फॉल' मंत्र. खाली जाणं सोपं आहे. दोघांनी वर यायचं कसं?

तुम्ही काय करता?